88 लाखांची गाडी आणि वडिलांची कंबर

पत्राचा सारांश : पुण्यात बाणेरला राहणारे 44 वर्षांचे एक वाचक लिहितात : "पाच महिन्यांपूर्वी मी आयुष्यभराची हौस पूर्ण केली. तीन लिटरचं, सहा सिलिंडरचं टर्बो पेट्रोल इंजिन, चारही चाकांना ताकद आणि 19 इंची चाकं असलेली स्पोर्ट्स सेडान घेतली. सगळं धरून 88 लाख लागले. आजवर 3,400 किमी झाले आहेत. रोज हिंजवडीला जातो, एका बाजूला 11 किमी आणि पन्नास मिनिटं. ॲव्हरेज 6.2 पडतं. कम्फर्ट मोडवर ठेवूनही प्रत्येक खड्ड्याचा दणका थेट पाठीत बसतो. रिम वाचावी म्हणून पंपावर 40 पीएसआय हवा भरतो, तरी मागच्या डाव्या टायरला खड्ड्यात फुगा आलाच. तो वॉरंटीत बसत नाही असं सांगितलं. सोसायटीच्या रॅम्पवर गाडी खालून घासते. सकाळी ब्रेक कुरकुरतात. आठवडाभर गावाला गेलो तर परत आल्यावर बॅटरीची सूचना येते. वडील 74 वर्षांचे, त्यांना मणक्याचा त्रास आहे. दोनदा मागे बसले आणि आता नको म्हणतात. पत्नी म्हणते, पांढरा हत्ती पोसण्यापेक्षा विकून टाका. जुनी नऊ वर्षांची एसयूव्ही विकायचीच आहे. तिच्याबरोबर हीही काढू का? माझी निवड चुकली का?"

नमस्कार,

बाकी सगळं नंतर वाचा. त्या फुगा आलेल्या टायरवर गाडी आज चालवू नका. टायरच्या साइडवॉलमध्ये दोऱ्यांचे थर असतात. खड्ड्याची धार आणि रिमची कड यांच्यात रबर चेपलं गेलं की हे दोरे तुटतात आणि आतली हवा तिथून बाहेर ढकलू लागते. तो फुगा म्हणजे उरलेलं नुसतं रबर आहे. त्याला ठिगळ नाही, दुरुस्ती नाही, टायर बदलणं एवढाच उपाय आहे. नवा घेताना तोच ब्रँड, तेच मॉडेल आणि साइडवॉलवर गाडीच्या कंपनीची तीच खूण पाहून घ्या. ही खूण म्हणजे कुठे चांदणी असते, कुठे 'एमओ', 'एओ' अशी अक्षरं. चारही चाकांना ताकद जाणाऱ्या गाडीत चारही टायरांचा घेर जवळजवळ सारखा असावा लागतो, नाहीतर पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या भागावर सतत ताण राहतो. तुमचे टायर 3,400 किमीच चाललेत, त्यामुळे एकच बदलून भागेल असं दिसतं. तरी बाकीच्या तिघांच्या खाचांची उरलेली खोली मिलिमीटरमध्ये मोजून घ्या आणि किती फरक चालतो ते गाडीच्या पुस्तिकेशी ताडून पाहा.

आता तुमचा प्रश्न. पत्र पुन्हा वाचलं की दिसतं, त्यात सहा-सात तक्रारी एकाच दोरीत ओवल्या आहेत आणि सगळ्यांचा आरोपी एकच, गाडी. त्यातल्या काही तक्रारी गाडीच्या जातीच्या आहेत. काही तुमच्या रोजच्या रस्त्याच्या आहेत. आणि एक-दोन तर तुम्ही चांगल्या हेतूने केलेल्या गोष्टींमधून आल्या आहेत. त्या वेगळ्या न करता गाडी विकणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

हवेपासून सुरुवात करू. ड्रायव्हरचं दार उघडा आणि खांबावरचा स्टिकर बघा. तिथे दोन रांगा असतात, एक थोड्या माणसांसाठी आणि एक पूर्ण भरलेल्या गाडीसाठी. अशा गाड्यांत एक-दोन माणसांसाठीचा आकडा साधारण 2.3 ते 2.4 बारच्या आसपास असतो, म्हणजे 33 ते 35 पीएसआय. तुमच्या गाडीचा नेमका आकडा स्टिकरवरूनच घ्या. 40 पीएसआय भरल्याने रिम वाचेल ही समजूत खूप जणांची आहे. कमी हवेत रिम वाकते, हे खरं आहे. पण शिफारशीपेक्षा पाच-सहा पीएसआय जास्त भरले की टायर दगडासारखा होतो, स्वतः दबून धक्का गिळायचं काम सोडून देतो आणि तो धक्का पुढे सस्पेन्शनकडे आणि तुमच्या पाठीकडे जातो. फुगा मात्र त्याने टळला नाही, हे तुम्ही पाहिलंतच.

मोजायचं कसं, हेही महत्त्वाचं. गाडी किमान तीन तास उभी असावी किंवा दोनेक किलोमीटरपेक्षा जास्त चाललेली नसावी. पंपावरच्या मीटरवर विसंबू नका, काही शे रुपयांचा डिजिटल गेज डिकीत ठेवा. लांबच्या प्रवासात तापलेल्या टायरमध्ये चार-पाच पीएसआय वाढलेले दिसतात. ते वाढणं अपेक्षितच असतं, म्हणून गरम टायरची हवा काढायची नाही. हवा बदलल्यावर स्क्रीनवरून टायर प्रेशर रीसेट करा.

दुसरी गोष्ट सर्व्हिस सेंटरला लिफ्टवर गाडी चढवून तपासायला सांगा. कारखान्यातून ट्रेलरवर येताना गाडी हलू नये म्हणून काही कंपन्या स्प्रिंगच्या वळणांमध्ये ठोकळे बसवतात. डिलिव्हरीआधीच्या तपासणीत ते काढायचे असतात. कधी कधी एखादा राहून जातो, मग गाडी बैलगाडीसारखी चालते आणि मालकाला वाटतं की स्पोर्ट्स सेडान अशीच असते. शक्यता थोडी आहे, पण तपासायला पाच मिनिटं लागतात. त्याच वेळी अलाइनमेंट करून घ्या. ज्या दणक्याने टायरला फुगा आला, त्याने रिमला किंवा सस्पेन्शनच्या दांड्यालाही मार बसलेला असू शकतो. स्टिअरिंग सरळ असताना गाडी एका बाजूला ओढते का, 80च्या पुढे स्टिअरिंग थरथरतं का, हे त्यांना स्वतःहून सांगा.

एवढं करूनही ही गाडी कापसासारखी होणार नाही, आणि इथे तुमच्या पत्रामागचं मुख्य गृहीतक येतं : गाडी जितकी महाग तितकी मऊ. स्पोर्ट्स सेडानमध्ये पैसा मऊपणासाठी खर्च होत नाही. पावणेदोन टनांच्या आसपासचं वजन वेगात वळणावर झुकू नये, ब्रेक मारल्यावर नाक खाली जाऊ नये, यासाठी कडक स्प्रिंग, जाड अँटी-रोल बार (वळणावर गाडी झुकू न देणारा दांडा) आणि सस्पेन्शनची कमी हालचाल असा सगळा मेळ बसवलेला असतो. कम्फर्ट मोडने सस्पेन्शनमधले फक्त डँपर, म्हणजे स्प्रिंगची उसळी आवरणारे शॉक ॲब्सॉर्बर, ढिले पडतात. स्प्रिंग तीच राहते, टायर तोच राहतो. म्हणूनच 20च्या वेगात खड्डा बोचतो, आणि तीच गाडी 90ला रस्त्याला चिकटून शांत जाते. रोज 13च्या सरासरी वेगाने जाताना तुम्हाला तिची बोचरी बाजूच भेटते. तुमच्या 3,400 पैकी सुमारे 2,400 किमी हिंजवडीच्या वाटेवर गेलेत. म्हणजे जिच्यासाठी ही गाडी घेतली ती चाल तुम्ही अजून नीट अनुभवलेलीच नाही, असं मला वाटतं.

टायर मात्र बदलता येतात, आणि खरा फरक तिथेच पडतो. साइडवॉलवर 'आरएससी', 'आरओएफ' किंवा 'झेडपी' अशी अक्षरं असली तर ते रनफ्लॅट आहेत. हवा गेली तरी 80च्या वेगाने साधारण 80 किमी चालता यावं म्हणून त्यांची साइडवॉल मुद्दाम कडक केलेली असते. त्यात 19 इंची रिम म्हणजे रबराची उंचीही कमी. पुढे 225/40 आणि मागे 255/35 या मापात (पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा उंची त्या रुंदीच्या किती टक्के) ही उंची जेमतेम 90 मिमी भरते. तुमच्या पुस्तिकेत 18 इंची चाकांना परवानगी असेल, आणि पुष्कळदा ती असते, तर पुढे 225/45 आणि मागे 255/40 घेतल्यावर ती सुमारे 102 मिमी होते. बारा मिलिमीटर ऐकायला थोडे वाटतात, पण खड्ड्याची धार रिमपर्यंत पोहोचायला तेवढंच अंतर असतं. चाकाच्या एकूण व्यासात फरक पडतो तो अर्ध्या टक्क्याहूनही कमी, त्यामुळे स्पीडोमीटर बिघडत नाही आणि पुढच्या-मागच्या चाकांचं गणितही जुळलेलं राहतं. ब्रेकच्या कॅलिपरवर 18 इंची रिम घासत नाही ना, हे पैसे देण्याआधी एक चाक बसवून पाहा. विमा कंपनीला कळवा. आणि मूळची 19 इंची चाकं फेकू नका. कोरड्या जागी, उन्हापासून दूर ठेवा, पुढे विक्रीच्या वेळी ती लागतील.

रनफ्लॅट सोडून साधे टायर घ्यायचे ठरवलं तर स्टेपनीचा प्रश्न उभा राहतो. डिकीत बारीक स्टेपनी बसते का बघा. नसेल तर पंक्चरच्या दोऱ्यांचं किट आणि 12 व्होल्टचा कंप्रेसर कायम गाडीत हवा. बाटलीतलं सीलंट खिळ्याच्या भोकाला चालतं, फाटलेल्या साइडवॉलला नाही. गाडी ओढून न्यायची वेळ आली तर फ्लॅटबेडच मागवा, चारही चाकं जमिनीवरून उचललेली हवीत. दोन चाकं रस्त्यावर ठेवून ओढलेली अशी गाडी गिअरबॉक्सच्या बाजूला मोठं नुकसान करून घेते. भर पावसात रस्त्यावरचा मदतनीस घाई करेल, तरी यावर ठाम राहा.

ॲव्हरेजचा दोष पुष्कळ जण वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर ढकलतात. इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी, म्हणजे मिश्रणामुळे सहा-सात टक्क्यांचा फटका बसतो. तुमचे 6.2 त्याशिवाय 6.6 झाले असते, एवढंच. उरलेलं उत्तर सिग्नलवर आहे. तीन लिटरचं इंजिन एसी लावून उभं राहिलं तर तासाला साधारण एक ते दीड लिटर पितं. अकरा किलोमीटरला तुमचं पावणेदोन लिटर जातं. पन्नास मिनिटांपैकी पंचवीस मिनिटं गाडी उभी असेल तर त्यातलं अर्धा लिटर एक इंचही न हलता जळतं. टाकीच्या झाकणाच्या आत किमान ऑक्टेन लिहिलेला असतो, तेवढा पाळा. त्याहून महागडं पेट्रोल भरून हिंजवडीच्या रांगेत काही मिळणार नाही.

यातूनच एक गोष्ट निघते जी शोरूममध्ये फारसं कुणी सांगत नाही. ऑईल किलोमीटरवर बदलायचं असतं असं आपण धरून चालतो, पण ते तासांनी थकतं. तुमच्या वेगाने 10,000 किमी म्हणजे साडेसातशे तास. एक्सप्रेसवेवर 80च्या वेगाने तेवढेच तास गाडी पळाली तर साठ हजार किलोमीटर होतील. स्क्रीनवर पुढची सर्व्हिस दोन वर्षांनी दिसत असेल, तरी दर वर्षी किंवा 8,000 किमीला, जे आधी येईल तेव्हा, ऑईल आणि फिल्टर बदला. ऑईलचा ग्रेड आणि कंपनीचा मंजुरी क्रमांक पुस्तिकेतलाच हवा. अशा अनेक गाड्यांत ऑईल बघायची पट्टी नसते. इंजिन गरम करून, सपाट जागेवर, स्क्रीनवरून पातळी मोजायची असते. महिन्यातून एकदा मोजा. कुणी इंजिनची ताकद वाढवून देतो म्हणालं तर नको म्हणा. रीमॅप केल्याचं सर्व्हिस सेंटरला कळतं आणि वॉरंटीवर पाणी सोडावं लागतं.

तुम्ही नंतर डॅशकॅम बसवून घेतला असेल तर बॅटरीचं कारण बहुधा त्यात आहे. तो पार्किंग मोडवर असेल तर गाडी लॉक असतानाही वीज खातो. आधी तो मोड बंद करून आठवडाभर बघा. बाहेरगावी जाताना गाडी चार्जरला लावायची असेल तर एजीएम (अशा गाड्यांत येणाऱ्या खास प्रकारच्या) बॅटरीची सोय असलेलाच चार्जर घ्या आणि बॉनेटखाली दिलेल्या टोकांना जोडा. निगेटिव्ह चिमटा बॉडीवरच्या ठरलेल्या जागी लावायचा, थेट बॅटरीच्या टोकाला नाही. तिथे वीज मोजणारा सेन्सर असतो आणि त्याला वळसा घातला तर गाडीचा हिशेब चुकतो. ब्रेक सकाळी कुरकुरतात ते रात्रीच्या दमटपणाने डिस्कवर आलेल्या गंजाच्या पापुद्र्यामुळे. तीन-चार वेळा ब्रेक लागले की तो जातो. दिवसभर आवाज येत असेल तर पॅड डिस्कवर अजून नीट घासून बसलेले नाहीत. मोकळ्या, रिकाम्या रस्त्यावर 80वरून 20पर्यंत मध्यम दाबाने आठ-दहा वेळा वेग कमी करा, मध्ये पूर्ण थांबू नका आणि नंतर काही किलोमीटर ब्रेक न लावता हवा लागू द्या.

आता रॅम्प. आपल्याकडे इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटीमीटर उंच असायला हवा असं म्हटलं आहे. एवढा पसरट गतिरोधक तुमची गाडी सहज पार करेल. गल्लीत मिळतात ते हातभर रुंदीचे आणि वीतभर उंचीचे, आणि पुढच्या-मागच्या चाकांत जास्त अंतर असलेल्या गाडीचं पोट तिथे टेकतं. एका वेळी एकच चाक चढेल असं तिरकं घ्या आणि चौघं बसलेले असतील तर आणखी सावकाश. सोसायटीच्या रॅम्पवर मात्र तिरकं जायला जागा नसते. तिथे घासतं ते रॅम्प संपून जमीन सुरू होते त्या कोनावर. तो कोन सिमेंटने थोडा गोल करून घ्यायला फार खर्च येत नाही, आणि सोसायटीतल्या इतर गाड्यांनाही त्याचा फायदाच होईल. समितीसमोर तसा अर्ज द्या. घासण्याचा आवाज आला की पुढच्या वेळी लिफ्टवर खालचं प्लास्टिकचं आवरण बघून घ्या. त्यावरचे ओरखडे काही नाही, तुटलेल्या क्लिप मात्र बदला, नाहीतर वेगात ते आवरण फडफडून फाटतं. भीती बाळगायची ती ॲल्युमिनियमच्या ऑईल चेंबरची. जोरात आपटल्यानंतर गाडीखाली थेंब दिसला किंवा ऑईलचा लाल दिवा लागला तर इंजिन त्या क्षणी बंद करा. "घरापर्यंत नेऊ" हा विचार इंजिन खातो.

पावसाळा येण्याआधी पॉलिसी काढून बघा. झिरो डेपबरोबर (दाव्यातून घसारा न कापण्याची सोय) इंजिन प्रोटेक्ट आणि टायरचं कव्हर आहे का? नसेल तर नूतनीकरणाच्या वेळी घ्या. साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्ट मारायची नाही. सिलिंडरमध्ये पाणी गेलेलं असेल तर त्या एका स्टार्टने कनेक्टिंग रॉड वाकतो.

विकण्याचा हिशेबही समोर ठेवू. महाराष्ट्रात 20 लाखांवरच्या पेट्रोल गाडीला वैयक्तिक नोंदणीत 13 टक्के रोड टॅक्स आहे. शोरूमची किंमत 75 लाख धरली तर हे झाले 9.75 लाख, आणि आज विकलीत तर ते वेगळे परत देणारा कुणी नाही. विम्याच्या कोष्टकात सहा महिन्यांपर्यंत 5 टक्के आणि वर्षापर्यंत 15 टक्के घसारा धरतात, पण जुन्या गाडीचा बाजार त्या कोष्टकाने चालत नाही. जास्त पितं म्हणून ओळखल्या जाणाऱ्या इंजिनाला गिऱ्हाईक कमी असतं आणि ते भाव पाडूनच मागतं. त्यापुढे 18 इंची चाकांचा खर्च खरंच छोटा आहे. आणि हो, खरेदीच्या वेळी विक्रेत्याने घेतलेला एक टक्का टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, तुमच्या आयकर विवरणात जमा दिसतोय का, बघा. अनेकांचा तो तसाच राहून जातो.

मला जाणवतं ते असं : तुम्ही एकाच गाडीकडून तिघांची कामं मागताय. तुमची हौस, हिंजवडीची रोजची रांग आणि वडिलांचा प्रवास. त्यातलं मधलं काम तिच्या अंगावरचं नाही. म्हणून दोन्हींपैकी एकही गाडी विकू नका, निदान वर्षभर तरी. नऊ वर्षांच्या एसयूव्हीला बाजारात जे मिळेल त्यापेक्षा तिचा घरातला उपयोग मोठा आहे. ती हिंजवडीला न्या. सेडान आठवड्यातून दोनदा, किमान तासभर मोकळ्या रस्त्यावर काढा. पहाटे सातारा रोड, नाहीतर मुंबई-पुणे एक्सप्रेसवेचा एखादा टप्पा. वर्षाने तिची आठवणही येत नसेल तर खुशाल विका. तेव्हा तो निर्णय गाडीला ओळखून घेतलेला असेल. पत्नीलाही एकदा त्या पहाटेच्या रस्त्यावर शेजारी बसवा, शक्य तर त्यांच्याच हातात गाडी द्या. हत्तीचा खर्च त्यांना दिसला आहे, हत्तीची चाल अजून दिसलेली नाही.

अशी गाडी घ्यायच्या विचारात असलेल्या इतरांना एवढंच सांगते : शोरूमच्या गुळगुळीत रस्त्यावरची टेस्ट ड्राइव्ह पुरेशी नाही. गाडी स्वतःच्या सोसायटीच्या रॅम्पवर आणा, रोजच्या वाटेवर न्या आणि घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला मागे बसवून अर्धा तास फिरवा. विक्रेता कुरकुरला तर दुसऱ्याकडे जा.

वडिलांविषयी शेवटी लिहितेय, कारण आधीची कामं झाली तरच हे जमेल. मागची सीट मागच्या चाकांजवळ असते, त्यामुळे तिथे धक्का जास्त येतो. शिवाय दार अरुंद आणि छत उतरतं, म्हणून शिरताना मान, कंबर आणि गुडघा तिन्ही एकदम वाकतात. त्यांना पुढे बसवा. ते यायच्या आधी सीट पूर्ण मागे आणि पूर्ण वर घ्या. आधी पाठमोरं टेकायचं, मग दोन्ही पाय एकत्र आत. स्पोर्ट्स सीटच्या उंच कडेवरून एकेक पाय ओढत नेल्यानेच कंबरेला पीळ बसतो. कडा रुंद करायची सोय असेल तर ती करा, कमरेचा आधार थोडा फुगवा आणि सीट मग बेताने खाली घ्या. हवा स्टिकरवरच्या आकड्यावर आणली आणि टायर बदलला की रविवारी सकाळी रस्ते रिकामे असताना वीस मिनिटं फिरवून आणा, त्याहून जास्त नको. कसं वाटलं असं विचारलंत तर ते तुमच्या हौसेखातर बरंच म्हणतील. उतरताना त्यांचा हात कमरेकडे जातो का, तेवढं बघा.